दोन मिसेस डिसा

हृषीकेश मुखर्जींच्या दोन चित्रपटांत डिसा आडनावाची बाई भेटते. १९५९च्या 'अनाडी'त ती राज कपूरची घरमालकीण आहे. तिच्या तोंडाचा पट्टा सतत चालू असतो आणि त्याच तोंडाने ती भाडेकरू पोराला माया लावते. बारा वर्षांनी, १९७१च्या 'आनंद'मध्ये, ती डॉक्टर कुलकर्णींच्या नर्सिंग होममधली मेट्रन आहे. राजेश खन्नाचा आनंद तिची शिस्त मोडत राहतो, ती रागावत राहते आणि रागावता रागावता त्याची आई होऊन बसते. दोघी ख्रिस्ती, दोघी मुंबईच्या, दोघी वरून फणसासारख्या काटेरी. दोन्ही भूमिका ललिता पवारांच्या.

तरीही या दोघींची गल्लत होत नाही. 'अनाडी'तली डिसाबाई घरात एकटी आहे. तिचं ऐकायला कुणी नाही, म्हणून समोर आलेल्या माणसावर ती बोलण्याचा सगळा साठा रिकामा करते. 'आनंद'मधल्या मेट्रनच्या हाताखाली माणसं आहेत. तिला हुकूम देण्याची सवय आहे, त्यामुळे तिचा शब्द तुटक आणि मान ताठ. पटकथेत हे सगळं असेलच असं नाही. एका बाईचं एकटेपण आणि दुसरीचा अधिकार बोलण्याच्या लयीत उतरला, तो नटीने उतरवला म्हणून.

अशा नटांना आपण 'चरित्र अभिनेता' म्हणतो. हा शब्द मराठीत हिंदीतून आला. हिंदीत चरित्र म्हणजे माणसाचा स्वभाव, नाटकातलं पात्र. इंग्रजीतल्या 'कॅरेक्टर अॅक्टर'चं ते सरळ भाषांतर आहे. मराठीत मात्र चरित्र म्हटलं की माणसाची जन्मापासूनची हकीकत डोळ्यांपुढे येते. शब्द सीमा ओलांडून आला आणि त्याचा अर्थ बदलला. मला हा बदललेला अर्थच जास्त खरा वाटतो. नायकाचं आयुष्य लेखक तीन तास सांगत असतो: त्याचं बालपण, प्रेम, अपमान, सूड, सगळं पडद्यावर घडतं. त्याच्या घरमालकिणीला मिळतात चार प्रसंग. ती विधवा कधी झाली, तिचं मूल होतं की नव्हतं, हे सांगायला कुणाकडे वेळ नसतो. तेवढ्या चार प्रसंगांत ती जन्मभर त्या घरात राहत आली आहे असं वाटायला हवं असेल, तर तिचं चरित्र नटीला सोबत घेऊन यावं लागतं.

ललिता पवारांचं स्वतःचं चरित्र तर एखाद्या चित्रपटात शोभावं असं. १९१६ साली येवल्यात जन्म, नाव अंबा लक्ष्मण सगुण. मूकपटांच्या काळात, १९२८च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्या लहान मुलीच्या वयात कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पुढे नायिका झाल्या. १९३२च्या 'कैलाश'च्या निर्मितीत त्यांचा वाटा होता आणि १९३७चा 'दुनिया क्या है' त्यांनी स्वतः काढला. त्या काळात विशी-बाविशीतली मराठी मुलगी चित्रपट निर्माण करत होती, ही गोष्ट थांबून लक्षात घ्यावी अशी आहे. पुढे मंथरा आणि खाष्ट सासूच्या प्रतिमेने ही तरुण, देखणी, धाडसी निर्माती पार झाकून टाकली.

१९४२ साली 'जंग-ए-आझादी'चं चित्रीकरण चालू होतं. प्रसंगात मास्टर भगवान यांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याचा अर्धांगवायू झाला. उपचार सुमारे तीन वर्षं चालले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कामं संपली. नायिकेचं काम चेहऱ्याच्या दोन सारख्या बाजूंवर चालतं; कॅमेऱ्याने कुठूनही पाहिलं तरी ती तशीच दिसायला हवी, हा तेव्हाच्या स्टुडिओंचा हिशेब होता आणि आजही तो फारसा बदललेला नाही.

पण चरित्र भूमिकेच्या हिशेबात हाच चेहरा मोलाचा ठरला. प्रभातच्या 'रामशास्त्री'त (१९४४) त्या आनंदीबाई झाल्या. शांतारामबापूंच्या 'दहेज'मध्ये (१९५०) त्यांनी जी सासू उभी केली, तिच्यावरून पुढच्या कित्येक सासवा बेतल्या गेल्या. तो आकसलेला डोळा हे त्या भूमिकांचं हत्यार बनलं. चेहऱ्याची एक बाजू हसते आणि दुसरी हसत नाही, तेव्हा बघणाऱ्याच्या मनात शंका येते की ही बाई गोड बोलतेय खरी, पण हिच्या पोटात काय आहे? संवादाशिवाय शंका निर्माण करणं हे खलभूमिकेचं निम्मं काम, आणि ते त्यांच्याकडे आपोआप होत होतं.

आपोआप होतं म्हणून त्या तेवढ्यावर थांबल्या असत्या तर आज त्यांच्याविषयी एवढं लिहावंसं वाटलं नसतं. १९५५ साली त्यांचे दोन चित्रपट आले. 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये त्या पुरुषांचा तिरस्कार करणाऱ्या श्रीमंत सीतादेवी आहेत. 'श्री ४२०'मध्ये त्या रस्त्यावर केळी विकणाऱ्या गंगामाई आहेत. डोळा तोच. सीतादेवींच्या चेहऱ्यावर तो तुच्छतेचा वाटतो, गंगामाईच्या चेहऱ्यावर उन्हाने बारीक झालेला. १९६१च्या 'जंगली'त हसण्यावर बंदी घालणारी करारी आई, आणि १९६२च्या 'प्रोफेसर'मध्ये तशीच करारी मावशी. पण या मावशीचा जीव म्हाताऱ्या प्रोफेसरच्या सोंगातल्या शम्मी कपूरवर जडतो आणि ती लाजायला लागते. वर्षानुवर्षं डोळे वटारणाऱ्या बाईला लाजताना पाहून प्रेक्षक आधी हसतो आणि मग त्याला तिची कणव येते. 'अनाडी'साठी त्यांना फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं, १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. १९८७ साली रामानंद सागर यांच्या 'रामायण'मध्ये त्या मंथरा झाल्या, तेव्हा वय सत्तरीपार होतं. मूकपटापासून दूरदर्शनपर्यंत असा प्रवास करणारे नट भारतात बोटांवर मोजावे लागतील.

ज्यांच्या हाताने तो डोळा अधू झाला त्या मास्टर भगवान, म्हणजे भगवानदादांची गोष्टही याच धंद्यातली आहे. भगवान पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. १९५१ साली त्यांनी 'अलबेला' दिग्दर्शित केला, नायक स्वतःच. चित्रपट तुफान चालला. बंगला झाला, गाड्या झाल्या. नंतरचे चित्रपट पडले आणि सगळं गेलं. ते दादरच्या चाळीत परत आले आणि पुढची अनेक दशकं मिळेल ती छोटी कामं करत राहिले: कधी एखादा हवालदार, कधी वरातीत त्यांच्या खास ढंगात चार पावलं नाचणारा माणूस. २००२ साली दादरच्या त्याच घरात ते गेले. एका अपघाताने नायिका चरित्र अभिनेत्री झाली, आणि एका अपयशाने नायक छोट्या भूमिकांचा नट झाला. तिच्या वाट्याला आलेल्या भूमिकांना नाव होतं, गोष्टीत जागा होती. भगवानदादांना बहुतेक वेळा जुन्या भगवानदादांचीच नक्कल करायला बोलावलं गेलं. ललिता पवारांना प्रत्येक वेळी नवं माणूस मिळालं, भगवानदादांना मिळालं नाही. या धंद्यातला सर्वांत मोठा फरक मला इथे दिसतो.

नाटकवाल्यांच्या बोलीत एक शब्द आहे, 'बेअरिंग'. भूमिकेचं बेअरिंग धरायचं आणि पडदा पडेपर्यंत सोडायचं नाही. यात चाल येते, आवाजाची पट्टी येते, बसायची पद्धत येते. पण मुख्य म्हणजे आपलं वाक्य नसताना त्या माणसाने काय करायचं हे येतं. मुख्य भूमिकेतल्या नटाला हे शिकायला उशीर झाला तरी चालतो, कारण त्याला वाक्यं भरपूर असतात. चरित्र नटाचा बराचसा वेळ दुसऱ्याचं ऐकण्यात जातो. नायक मोठं भाषण ठोकतो, तेव्हा ते भाषण खरं वाटतं की पोकळ, हे पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठरतं. कॅमेरा दोन सेकंद त्याच्याकडे वळतो. त्या दोन सेकंदांत नट रिकामा सापडला, तर नायकाचं भाषण वाया जातं. नाटकातून आलेल्या माणसांना चित्रपटात एवढी मागणी का, याचं उत्तर मला या सवयीत सापडतं. रंगमंचावर कॅमेरा वळण्याची वाट पाहता येत नाही. प्रेक्षक कोणत्याही क्षणी कोपऱ्यातल्या नटाकडे बघू शकतो, म्हणून त्याला अडीच तास जिवंत राहावं लागतं.

निळू फुले हे याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण. पुण्याचे. तरुणपणी लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळ्याची नोकरी, संध्याकाळी राष्ट्र सेवा दलाचं कलापथक. कलापथक म्हणजे चौकात, मैदानात, उघड्यावर होणारं नाटक. तिथे आवाज पोचवायचा, लोकांना उठून जाऊ द्यायचं नाही आणि वर विचारही सांगायचा. 'कथा अकलेच्या कांद्याची' या शंकर पाटलांच्या लोकनाट्याने त्यांचं नाव झालं, आणि अनंत मानेंच्या 'एक गाव बारा भानगडी'त (१९६८) ते झेलेअण्णा होऊन पडद्यावर आले. त्यानंतर मराठी चित्रपटातला पाटील, सरपंच, सावकार म्हणजे निळूभाऊ, असं समीकरणच बसलं.

त्यांचा खलनायक आरडाओरडा करत नाही. आवाज खालच्या पट्टीत, किंचित घोगरा, शब्द ओढत ओढत आलेला. समोरच्याला 'बाई' किंवा 'मास्तर' म्हणताना त्यात आदर असतो, आणि तो आदरच अंगावर काटा आणतो. गावात ज्याच्या हातात पाणी आहे, जमीन आहे, सोसायटीचं कर्ज आहे, त्याला ओरडायची गरज पडत नाही. निळूभाऊंनी सत्तेची ही सवय ओळखली होती. सेवा दलाच्या कामात ते महाराष्ट्रातल्या गावांतून फिरले होते. हा माणूस त्यांनी गावच्या चावडीवर बसलेला पाहिला असणार, असं त्यांचं काम बघताना वाटत राहतं.

१९७२ साली त्यांनी विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मधला सखाराम केला. दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपेच्या भूमिकेत लालन सारंग. हा सखाराम पाटील नव्हे, पुस्तकं बांधणारा एकटा, शिवराळ, स्वतःच्या नियमांनी जगणारा माणूस. नाटकावर परिनिरीक्षण मंडळाने बंदी आणली आणि सारंगांना उच्च न्यायालयात लढावं लागलं. तमाशाप्रधान चित्रपटांत अडकलेला म्हणून ज्याच्याकडे शहरी प्रेक्षक बघत होता, त्या नटाने मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत स्फोटक भूमिकांपैकी एक पेलून दाखवली.

पुढे जब्बार पटेलांचे दोन चित्रपट आले, आणि निळू फुले किती मोठ्या टापूचे नट होते हे पाहायचं तर हे दोन चित्रपट एकापाठोपाठ पाहावेत. 'सामना'त (१९७४) ते साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आहेत. गावात आलेला दारुडा मास्तर, म्हणजे डॉ. श्रीराम लागू, मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं हा एकच प्रश्न विचारत राहतो. चित्रपटभर हिंदुरावांकडे सत्ता आहे, मास्तरांकडे प्रश्न. त्या प्रश्नाने हिंदुरावांचा आत्मविश्वास जो कणाकणाने झिजतो, तो निळूभाऊंनी केवळ सौजन्याचे थर उतरवत दाखवला आहे. आधी खुशाल हसणारा माणूस हळूहळू हसताना समोरच्याचा अंदाज घ्यायला लागतो.

'सिंहासन'मध्ये (१९७९) ते पत्रकार दिगू टिपणीस आहेत. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, बंडाच्या तयारीतले अर्थमंत्री श्रीराम लागू. सत्ता सगळी दुसऱ्यांच्या हातात आहे. दिगू फक्त बघतो. मंत्र्यांच्या दिवाणखान्यांतून, झोपडपट्टीतून, कामगारांच्या गर्दीतून हा माणूस शांतपणे फिरतो आणि सगळं त्याच्या आत साठत जातं. शेवटी तो भ्रमिष्टासारखा हसतो, आणि साठलेलं एका क्षणात बाहेर पडतं. ज्या नटाच्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं गावातल्या बायकांना धडकी भरवली, त्याच डोळ्यांनी इथे आपण अख्खं राज्य पाहतो. ही माझ्या मते मराठी पडद्यावरची ऐकण्याची, बघण्याची सर्वोत्तम भूमिका आहे.

पडद्याबाहेर हा माणूस अगदी उलटा. डॉ. लागूंसह 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा उभा केला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभे राहिले, साधेपणाने जगले आणि २००९च्या जुलैत पुण्यात गेले. पडद्यावरच्या पाटलामुळे त्यांना शिव्या ऐकाव्या लागल्या, आणि त्या शिव्या म्हणजे कामाची पावती हेही खरं. पण शिक्का बसला की निर्मात्याला नटाकडे दुसरं काही मागायचं सुचत नाही. सदाशिव अमरापूरकरांचंही तेच झालं. नगरच्या हौशी रंगभूमीवरून आलेला हा नट 'अर्धसत्य'मध्ये (१९८३) मोजक्या प्रसंगांत रामा शेट्टी म्हणून दिसला आणि ओम पुरींच्या इन्स्पेक्टरसमोर असा निवांत बसला की त्या निवांतपणाचाच दरारा वाटला. १९९१च्या 'सडक'मधल्या महाराणीसाठी त्यांना फिल्मफेअरचं खलभूमिकेचं पहिलंवहिलं पारितोषिक मिळालं. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्याकडे आले ते बहुतेक आरडाओरडा करणारे खलनायक. हिंदीतले जगदीश राज यांनी १४४ चित्रपटांत पोलीस इन्स्पेक्टरचं काम केलं आणि गिनीज बुकात नाव गेलं. इतक्या वेळा एकच वर्दी चढवलेल्या माणसाला एखाद्या दिवशी डॉक्टर किंवा चोर व्हावंसं वाटलं नसेल का, हा विचार मला त्या विक्रमापेक्षा जास्त सतावतो.

बायकांच्या बाबतीत शिक्का वयाचा असतो, आणि तो फार लवकर बसतो. सुलोचनादीदी मराठीतल्या मोठ्या नायिका. 'वहिनींच्या बांगड्या' (१९५३), 'सांगत्ये ऐका' (१९५९) हे त्यांचे चित्रपट. त्याच १९५९ साली बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त त्या नूतनच्या पालनकर्त्या आईच्या भूमिकेत आल्या. दीदींचा जन्म १९२८चा, नूतनचा १९३६चा. आठ वर्षांच्या अंतरावर आई आणि मुलगी! पुढे हिंदी चित्रपटाने त्यांना आईच्या पदरातून बाहेर येऊच दिलं नाही. रोहिणी हट्टंगडींची गोष्ट त्याहून ठळक. १९८२च्या 'गांधी'तल्या कस्तुरबांसाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. 'सारांश'मध्ये (१९८४) मुलगा गमावलेली म्हातारी आई केली तेव्हा त्यांचं वय तेहतीस होतं आणि त्यांच्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या भूमिकेतले अनुपम खेर एकोणतीस वर्षांचे. १९९०च्या 'अग्निपथ'मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. अमिताभ त्यांच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे. त्यांनी हे सगळं इतकं चोख केलं की प्रेक्षकाला जन्मतारखा आठवतही नाहीत. पण कौतुक करताना हेही म्हटलं पाहिजे की पडद्यावर चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषाला प्रेमकथा मिळते आणि त्याच वयाच्या बाईला सून मिळते. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक १९८४च्या चित्रपटांपासून सुरू झालं, आणि त्या पहिल्या वर्षी ते रोहिणी हट्टंगडींनाच 'पार्टी'साठी मिळालं.

पैशाचं काय? मराठी नाटकात नटाला 'नाईट' मिळते, म्हणजे प्रयोगामागे ठरलेली रक्कम. प्रयोग रद्द झाला की नाईट गेली. मालिकेत दिवसाचा दर ठरतो आणि पैसे पुष्कळदा नव्वद दिवसांनी हातात येतात. चित्रपटात छोट्या भूमिकेच्या नटाला तारखा द्याव्या लागतात त्या नायकाच्या सोयीने. नायकाची तारीख पुढे गेली की याचाही महिना मोडतो. या हिशेबावर घर चालत नाही. म्हणून मराठीतल्या उत्तम चरित्र नटांची एक मोठी फळी दिवसा दुसरीकडे कामाला होती. अशोक सराफ सुमारे दहा वर्षं स्टेट बँकेत होते. 'पांडू हवालदार' (१९७५) गाजला तेव्हाही नोकरी सुटली नव्हती. रवी पटवर्धन रिझर्व्ह बँकेत. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, आणि 'घाशीराम कोतवाल'चे नाना फडणवीस. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर. मुंबई-पुण्यातल्या बँकांना नाटकाचं वेड होतं, आंतरबँक नाट्यस्पर्धा चुरशीने होत, तालमीसाठी सवलत मिळे. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होतो हे माहीत असलेला नट भूमिकेला नाही म्हणू शकतो. मराठी रंगभूमीवरच्या छोट्या भूमिकाही त्या काळात एवढ्या तोलाच्या का होत्या, याचं एक कारण मला त्या बँकांच्या हजेरीपटांत सापडतं. आता ती नोकरभरतीही आटली आणि ती सवलतही गेली. आजचा तरुण नट मालिकेला नाही म्हणेल तर त्याने भाडं कशातून द्यायचं?

अवतार किशन हंगल, म्हणजे ए. के. हंगल, यांच्याकडे बँक नव्हती, कात्री होती. सियालकोटचा जन्म, पेशावरमध्ये शिंपीकाम, स्वातंत्र्य चळवळ, फाळणीच्या सुमारास कराचीत तुरुंगवास. १९४९ साली ते मुंबईत आले, शिवणकाम करत राहिले आणि 'इप्टा' या नाट्यसंस्थेच्या नाटकांत रमले. चित्रपटात आले ते पन्नाशीच्या आसपास, १९६६च्या 'तीसरी कसम'मध्ये. नायक होण्याचं वय त्यांच्या वाट्याला आलंच नाही, आणि त्याचं त्यांना ओझंही नव्हतं. 'शोले'तला आंधळा इमाम पोराचं प्रेत बघू शकत नाही, फक्त गावातली शांतता ऐकतो. तो प्रसंग लिहिणाऱ्यांचा जेवढा आहे तेवढाच, आयुष्यात खूप काही गमावून आलेल्या त्या म्हाताऱ्या शिंप्याचा आहे. २००६ साली पद्मभूषण मिळालं. शेवटच्या वर्षांत औषधपाण्याला पैसे पुरेनात, तेव्हा चित्रपटसृष्टीतल्या लोकांना मदत करावी लागली. २०१२ साली ते गेले. दोनशेच्या आसपास चित्रपटांत काम केलेल्या माणसावर ही वेळ येते, कारण या नटांना गाजलेल्या चित्रपटाच्या पुढच्या कमाईत वाटा नसतो. दिवसाचे पैसे मिळतात. चित्रपट मग पन्नास वर्षं टीव्हीवर चालू द्या.

शिक्का मोडून काढणाऱ्यांत दिलीप प्रभावळकर सगळ्यांत पुढे. 'हसवाफसवी' या स्वतः लिहिलेल्या नाटकात ते एकट्याने सहा भूमिका करत. 'झपाटलेला'तला (१९९३) तात्या विंचू त्यांचा, 'चौकट राजा'तला (१९९१) मनाने लहान राहिलेला नंदू त्यांचा, आणि 'लगे रहो मुन्नाभाई'मधले (२००६) गांधीजीही त्यांचेच. गुंडाच्या डोक्यात वावरणारे गांधी करायचे म्हणजे केवढा धोका! थोडं जास्त झालं की पुतळा, थोडं कमी झालं की नक्कल. त्यांनी गांधींना कुतूहल दिलं. समोरच्या मुन्नाकडे ते एखाद्या आजोबांनी नातवाकडे बघावं तसं बघतात, आणि त्या बघण्यामुळेच मुन्ना बदलेल यावर आपला विश्वास बसतो. याच कामासाठी, आणि 'शेवरी'साठी, त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

१९७४च्या सुमारास रत्नाकर मतकरींचं 'आरण्यक' रंगमंचावर आलं. महाभारताचं युद्ध संपल्यावर उरलेली म्हातारी माणसं वनात जातात, त्यांची ही गोष्ट. धृतराष्ट्र होते रवी पटवर्धन, विदुर दिलीप प्रभावळकर. पटवर्धन तेव्हा सदतिशीच्या आसपासचे, प्रभावळकर तिशीचे. पांढऱ्या दाढ्या लावून, पाठी वाकवून, दोघा तरुणांनी म्हातारपणाचं बेअरिंग धरलं. चव्वेचाळीस वर्षांनी मतकरींनी तेच नाटक पुन्हा उभं केलं आणि भूमिका त्याच दोघांना दिल्या. विदुर आता चौऱ्याहत्तरीत होता. धृतराष्ट्राने ऐंशी ओलांडली होती. मतकरींचे ते अवघड संवाद पाठ करून पटवर्धन प्रयोगाला उभे राहत होते. १९७४ साली जे वय त्यांनी कल्पनेने उभं केलं होतं, तिथे ते आता स्वतः येऊन पोचले होते, आणि आंधळा म्हातारा राजा रंगमंचावर आला तेव्हा पाठ वाकवण्यासाठी त्यांना काही करावं लागत नव्हतं. त्यांना करावं लागत होतं ते राजाचा ताठा टिकवण्याचं काम.